कोठीतला दिवा

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क सकाळपासून टकटक करत होती. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, "ताई, हिचे दिवस भरलेत. हलवू नका. हवं ते आधी काढून घ्या."

हवी होती एकच फाइल. बाबा पुस्तकबांधणी करायचे. गेल्या वर्षी, आजाराचं निदान होण्याआधी, त्यांनी टेबलावर कॅमेरा टांगून एक अख्खं पुस्तक बांधलं, शिवणीपासून पुठ्ठ्यापर्यंत, मध्ये न थांबता. त्यांचा आवाज आता घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. फाइल एवढी अवाढव्य की पेनड्राइव्हने घ्यायलाच नकार दिला. म्हणून घरच्या नेटवर्कवरून ती माझ्या लॅपटॉपवर आणायची होती.

कॉपीची पट्टी भरू लागायची, आणि अर्ध्या वाटेत जुना कॉम्प्युटर लॅपटॉपवरून नाहीसाच व्हायचा. की पुन्हा पहिले पाढे.

"तुझा लॅपटॉप पेंगतोय," दादा म्हणाला.

"झोपेची सेटिंग केव्हाच बंद केली."

"मग फायरवॉल."

"ती आडवी आली असती तर सुरूच झालं नसतं, दादासाहेब. आणि बघ, इंटरनेट चालूच आहे. म्हणजे लॅपटॉप ते राउटर ठीक. राउटर ते बाबा तुटतंय."

मग दादा उठला. "चल, वायर धरून जाऊ."

बाबांच्या कॉम्प्युटरची वायर भिंतीच्या कडेने निघून कोठीच्या छताशी आत शिरत होती. कोठीत आईची सकाळपासून आवराआवर चालली होती. आम्ही दाराशी पोचतो तोच ती साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. माझ्या हातातल्या लॅपटॉपवर, पुन्हा सुरू केलेली पट्टी थिजली.

"आई! आत्ता काय केलंस?"

"अगं, ओरडतेस काय? डबा घेतला, दिवा बंद केला. दरोडा नाही घातला!"

दादाने आत झेप घेऊन बटण दाबलं. माळ्यावर, ट्रंकांच्या मागे, वायरी जोडायची एक छोटी पेटी हिरवी लुकलुकली. बटण बंद, पेटी बंद.

"दिव्याच्याच वायरवर!" दादा हसत सुटला. "काय पण डोकं बाबांचं! वेगळा प्लग कोण बसवणार!"

आई डबा धरून तशीच उभी राहिली. "कॉम्प्युटरवर बसले की म्हणायचे, कोठीतला दिवा चालू राहू दे. एरवी दिव्यांवरून केवढी कटकट! मला वाटायचं, मी अंधारात धडपडेन म्हणून."

"तेही असेल," मी म्हटलं.

पुन्हा सुरुवात केली. आई बटणावर तळहात ठेवून पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. डिस्कची टकटक वाढली, वेग कोसळला, पट्टी जागीच रुतली. दादा श्वास रोखून कॉम्प्युटरपाशी बसला होता. "चल रे, चल रे म्हाताऱ्या!" पट्टी हलली. मुंगीच्या पावलांनी सरकली. निम्मं ओलांडलं. आणि भरली!

"झालं!" दादा एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

दोन्हीकडचा आकार मी ताडून पाहिला, आकडा न् आकडा. मग फाइल उघडली. रिकामं टेबल, सुई, दोरा. चौकटीत बाबांचे हात आले.

"दिसतंय का गं नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," कोठीच्या दारातून आई म्हणाली. बटणावरचा हात तिने अजून काढला नव्हता.