त्याच पत्त्यावरचे श्री. हॅस्लम

पत्रात असं म्हटलं होतं की, कर्स्टी ऑल्ड्रेड ही श्री. विल्फ्रेड हॅस्लम यांच्यासोबत पती-पत्नीप्रमाणे राहत असून तिने ही बाब सरकारपासून लपवून ठेवली आहे. सबब, एकट्या आईला मुलीसाठी मिळणारी करसवलतीची मदत आजपासून थांबवण्यात येत आहे. श्री. हॅस्लम त्या पत्त्यावर राहत नाहीत याचा पुरावा तीस दिवसांत आला नाही, तर हा निर्णय कायम होईल.

कर्स्टीने ते दारातच उभं राहून वाचलं. बाहेर इंग्लंडातल्या डार्वन गावचा नोव्हेंबर होता; समोरच्या दगडी भिंतींवर ओल चढलेली, माळावरून उतरलेलं धुकं गल्लीच्या तोंडाशी थबकलेलं. तिला आधी हसू आलं. हॅस्लम हे या घरातले आधीचे भाडेकरू. ती इथे राहायला आली त्यापूर्वीच ते वारले होते. त्यांच्या नावाने अजून बी-बियाण्यांच्या याद्या येत, श्रवणयंत्रांच्या जाहिराती येत. ती त्या न उघडता रद्दीत टाकी. एवढाच काय तो त्यांचा संसार.

तिने कार्यालयाला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक तरुण, अत्यंत सभ्य आवाज आला.

“ते वारलेत हो,” कर्स्टी म्हणाली.

“कधी, मॅडम?”

“मी इथे येण्याआधी. अडीच वर्षं झाली मला इथे.”

“पण गेल्या गुरुवारी त्यांनी विजेचे दहा पाउंड भरले आहेत.”

घरात शिरली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खणात तिला विजेच्या मीटरची निळी प्लास्टिकची किल्ली सापडली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या किल्लीत पैसे भरायचे, घरी येऊन ती मीटरमध्ये खुपसायची, की उजेड. किल्ली हॅस्लम यांच्या नावाची. दुकानदार इक्बालचाचा तेव्हा म्हणाला होता, “चालतेय ना? मग कशाला कंपनीला फोन करतेस? महिनाभर नाचवतील तुला. अर्धी गल्ली मेलेल्यांच्या नावावर चहा उकळते, बाई.”

“ते मीच भरते,” ती म्हणाली. “त्यांच्या नावावर.”

“म्हणजे तुमचे व्यवहार एकत्र आहेत.”

“अहो, मेलेल्या माणसाबरोबर कसले व्यवहार?”

“मग त्यांच्या मृत्यूचा दाखला पाठवा, मॅडम. त्याखेरीज आमच्या लेखी ते तिथेच आहेत.”

प्रश्न नुसत्या त्या मदतीचा नव्हता. कर्स्टी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुलीच्या सांभाळासाठी शिक्षणखात्याकडून जो भत्ता मिळे, तो याच कार्यालयाच्या मंजुरीपत्रावर लटकलेला. एक दोरा तुटला की दुसरा आपोआप सुटणार. सहा वर्षांच्या टिलीला शाळेनंतर सांभाळणाऱ्या बाईंनी नाताळपर्यंत थांबायचं कबूल केलं, त्यापुढे नाही. टिलीला ठेवायला जागा नसेल तर रुग्णालयातले तास भरणार नाहीत, आणि तास भरले नाहीत तर अभ्यासक्रमातून नाव जाणार. दुसऱ्यांदा प्रवेश मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

चार वाजता अंधारून आलं. टिली टेबलावर काटे-चमचे मांडत होती. मांडता मांडता तिने सहज विचारलं, “आई, मिस्टर हॅस्लम कुठे झोपतात?”

“कोणी सांगितलं तुला?”

“तू फोनवर म्हणत होतीस. ते इथे राहतात म्हणे.”

“नाही राहत. जेव.”

परंतु त्या संध्याकाळपासून घराची घडी बदलली. दिवा लावताना बटणावर तिचं बोट क्षणभर रेंगाळू लागलं. दर गुरुवारी दहा पाउंडांचा नैवेद्य दाखवून आपणच त्या माणसाला जागं ठेवलं, असं तिला वाटू लागलं. आपण खोलीत आणलेला प्रत्येक उजेड आधी त्याचा होता, मग आपला. जिन्याची तिसरी पायरी पूर्वीही करकरायची. आता ती करकरली की कर्स्टी कोण उतरतंय ते पाही, आणि कोणी नसे. आणि ते नसणं माणसासारखं जागा व्यापून उभं असे.

हॅस्लम कसे गेले हे तिला शेजारच्या डोरीनमावशीकडून ठाऊक होतं. डोरीन शहात्तर वर्षांची. गिरणीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज मोठा. ‘विल्फ प्रेस्टनच्या रुग्णालयात गेला, छातीच्या दुखण्याने, पानगळीच्या दिवसांत’ हे तिचं ठरलेलं वाक्य. कर्स्टीने प्रेस्टनच्या नोंदणी कार्यालयाला शुल्क भरून लिहिलं. एकविसाव्या दिवशी उत्तर आलं: तुम्ही कळवलेल्या दोन्ही वर्षांच्या नोंदी तपासल्या, या नावाच्या व्यक्तीचा मृत्यू नोंदलेला नाही.

कर्स्टी तो कागद बराच वेळ हातात धरून बसली. विल्फ्रेड हॅस्लम नावाचा माणूस मेलेलाच नव्हता. तो बिलं भरत होता, एका बाईबरोबर राहत होता, आणि त्याच्या मरणाचा कुठेही, कुणाच्याही अक्षरात मागमूस नव्हता. वरच्या मजल्यावर काहीतरी सरकल्यासारखं झालं. ती न बघताच उठली आणि शेजारच्या दारावर थाप मारली.

डोरीन बटाटे सोलत होती. कर्स्टीने कागद तिच्यासमोर, सालींच्या शेजारी ठेवला.

“नऊ दिवस राहिलेत, मावशी. प्रेस्टनला नाही गेले ते.”

“कारकुनांना काय कळतंय? एक नाव शोधता येत नाही मेल्यांना.”

“मावशी.”

“पुन्हा विचार म्हणावं त्यांना. स्पेलिंग चुकवलं असेल.”

“मावशी, माझं नाव जाईल गं. नर्स व्हायचं ते राहूनच जाईल. मला एवढंच सांग, ते कुठे गेले?”

डोरीनने सुरी खाली ठेवली. बटाटा मात्र हातातच राहिला, अर्धा सोललेला.

“मंगळवारी कचऱ्याचा डबा मागच्या बोळात ठेवावा लागतो ना,” ती म्हणाली, “त्याचा डबा मी काढायची. गुडघे गेलेले त्याचे. माझा एक, त्याचा एक. दहा वर्षं काढला.”

“हो.”

“तेव्हा आमचं बोलणं नव्हतं. नाताळात माझ्या पुडिंगला म्हणाला, डोरीन, याने भिंत बांध. सगळ्यांसमोर. मग मी पण नाही बोलले. बोलणं बंद होतं, डबा बंद नव्हता.” ती थोडं हसल्यासारखी झाली. “तर एका मंगळवारी डबा हलका लागला. म्हटलं, गेला असेल भाच्याकडे. पुढच्या मंगळवारी पण हलका. रिकामा डबा ओढत नेला, पोरी, आणि रिकामाच ओढत आणला. तिसऱ्याही मंगळवारी.”

कर्स्टीला विचारायचं नव्हतं, पण शब्द तोंडातून गेला. “दार नाही वाजवलंस?”

“त्याने आधी बोलावं, याची वाट बघत होते मी.”

चुलीवर भांड्यातलं पाणी उकळून झाकण थडथडू लागलं. दोघींपैकी कुणीही ते उतरवलं नाही.

“चौथ्या मंगळवारी घरमालक आला. भाडं नव्हतं पोचलं, म्हणून. फेब्रुवारी होता. बर्फ होतं.” डोरीन बटाट्याकडेच पाहत होती. “तू आलीस तर कडेवर पोर. घर बघून किती खूश झालीस. मग मी प्रेस्टन म्हटलं. एकदा म्हटलं की मग तेच म्हणत गेले. मलाही बरं वाटायचं. पांढऱ्या चादरी, नर्सबिर्स, कोणीतरी जवळ.”

“म्हणजे इथेच. आमच्या घरात.”

“हो.”

“कुठल्या खोलीत, मावशी?”

“ते नको विचारूस.”

दुसऱ्या दिवशी कर्स्टी ब्लॅकबर्नला गेली; डार्वनमधले मृत्यू तिथेच नोंदले जात. तिथल्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंना नाव, पत्ता आणि फेब्रुवारी २०१२ एवढं सांगितल्यावर पाच मिनिटांत नोंद निघाली. दाखल्यावर मृत्यूच्या तारखेच्या जागी तारीख नव्हती. ‘सात फेब्रुवारी रोजी मृतावस्थेत आढळले’ असं होतं. मृत्यूचं ठिकाण म्हणून तिचा स्वतःचा पत्ता होता, घरक्रमांकासह, तिच्या प्रत्येक अर्जावर असे तसाच. तिने दाखला, भाडेकरार आणि वीज कंपनीने आता कुठे तिच्या नावाने दिलेला कागद एका पाकिटात घालून पोचपावतीने पाठवला. मुदतीचे आठ दिवस उरले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. मदत पूर्ववत सुरू होत होती. मंजुरीपत्र सोबत जोडलं होतं, तेच आज पाचच्या आत नर्सिंगच्या विद्यालयात द्यायचं होतं. बसला वीस मिनिटं होती. कर्स्टी कोट घालूनच डोरीनकडे गेली, कारण न सांगता जाणं तिला जमलं नाही.

“मिळालं,” ती म्हणाली. “टिलीच्या बाईंनाही कळवलं. थांबताहेत त्या.”

“बरं झालं हो. काय लिहिलंय?”

कर्स्टीने वाचून दाखवलं: “‘श्री. विल्फ्रेड हॅस्लम हे सात फेब्रुवारी दोन हजार बारापासून सदर पत्त्यावर राहत नाहीत, हे आम्ही मान्य करतो.’”

“सातपासून?”

“हो.”

“सातपर्यंत राहत होता, असं म्हणतात ते?”

“तसं नाही मावशी. त्यांना नुसती एक तारीख लागते.”

“माझ्याबद्दल काही विचारलंय?”

“नाही.”

“कुणीच नाही विचारलं,” डोरीन म्हणाली. “पोलीस आला होता तेव्हा. मी चहा दिला त्याला. काही ऐकू आलं का, म्हणाला. नाही म्हटलं. खरंच काही ऐकू आलं नव्हतं. मग थँक्यू म्हणून गेला.”

तिने हात पुढे केला, कागद घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून ती ओळ स्वतः वाचली, ओठ हलवत, बोट शब्दांखालून सरकवत. तारखेपाशी बोट थांबलं. तिथून मागे, जानेवारीच्या तीन आठवड्यांकडे, कागदावर काहीच नव्हतं. तरी ते बोट मार्जिनच्या कोऱ्या पट्टीवर जाऊन थोडा वेळ तिथेच टेकलं.

“मला ते न्यायचंय, मावशी,” कर्स्टी हळूच म्हणाली.

“ने. ने की. नर्स हो लवकर.” डोरीनने कागदाची घडी जशीच्या तशी घालून परत दिली. “जाताना दार ओढू नकोस.”

“थंडी आत येईल गं.”

“येऊ दे. उघडंच राहू दे.”

कर्स्टी दार उघडं ठेवून निघाली. गल्लीच्या टोकाला वळताना तिने मागे पाहिलं. दारातून पडलेला पिवळा उजेडाचा पट्टा ओल्या फरशीवर आडवा पसरला होता. धुकं उंबरठ्यापर्यंत आलं होतं, आणि आत डोरीन खुर्ची दाराकडे वळवून बसली होती.