चुलीतलं मांजर

कांद्याच्या वाफ्यात धाकटी सकाळपासून खुरपत होती आणि बांधावर बांधलेल्या म्हशीशी बोलत होती. दुसरं होतं कोण बोलायला? कोरडा वारा सुटला होता. माती वरून अशी आवळली होती की खुरपं टेकवलं की आधी ठक्क वाजायचं आणि मग आत शिरायचं. उजवा हात लांब केला की काखेत ओढ बसायची, पण तिकडे लक्ष द्यायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"गाठ निघाली," ती म्हशीला म्हणाली. "छातीत. कॅन्सरची आहे म्हणतात. तुला काय कळणार म्हणा, तुझा जन्म रवंथ करण्यात चाललाय."

म्हशीनं कान हलवला. चार दिवसांत ही बातमी एवढीच फुटली होती, म्हशीपर्यंत.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. सहा वेळा सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन. खर्च ऐकल्यावर धाकटी पिशवी उचलून सरळ निघालीच होती. दारात तिला तिथल्या समाजसेविका बाईंनी गाठलं, खाली बसवलं, पाणी दिलं. खर्च एका निधीतून होईल, त्या म्हणाल्या, तुम्ही फक्त दोन गोष्टी आणा. एक उत्पन्नाचा दाखला आणि एक सोबत राहणारं माणूस. पहिलं औषध सोमवारी देऊ, पण दाखला आला नाही तर दुसरं अडेल.

"सोबत कोण येईल?" बाईंनी विचारलं.

"येईल कोणीतरी," धाकटी म्हणाली. नवरा सात वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, माहेरी दाराला कुलूप. हे कोणीतरी म्हणजे नेमकं कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

चावडीवर कारकुनानं तिचं रेशनकार्ड उलटंपालटं करून पाहिलं.

"एकत्र कुटुंब आहे की तुमचं. थोरल्या जावेचा मुलगा परगावी कारखान्यात पर्मनंट. त्याचा पगार धरला तर तुम्ही गरिबीत कुठे बसता?"

"अहो, बारा वर्षं झाली आम्हाला वेगळं होऊन. अंगणात भिंत आहे!"

"भिंत अंगणात आहे. कार्डावर नाही."

"आमचं बोलणंसुद्धा नाही हो."

"ते मी कुठल्या रकान्यात लिहू? वेगळ्या राहता म्हणून थोरल्या बाईंची सही आणा. मग मी स्वतः येऊन चुली बघणार. दोन घरं, दोन चुली. गेल्या वर्षी एकानं मला शेजाऱ्याचा स्टोव्ह दाखवून फसवलंय."

त्या भिंतीची गोष्ट सांगण्यासारखी नाही. विहिरीवरच्या मोटारीवरून दोघा भावांचं वाजलं, आठवड्याभरात दगडमातीची भिंत उभी राहिली आणि बायकांनी आपापल्या नवऱ्याची बाजू धरली. पुढे मोटार जळाली, भाऊही एकामागोमाग गेले, भिंत तेवढी राहिली. तिच्या दोन्ही अंगांना एकेक बाई एकटीपुरता भात शिजवत बसली. पलीकडे पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला की धाकटी आपलं पातेलं उतरवायची. भांडणाच्या भरात कार्ड वेगळं करायचं मात्र कोणाला सुचलंच नाही.

थोरलीच्या दारात पाऊल टाकणं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. थोरली ओट्यावर शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"जाऊबाई, सही हवी होती."

"कशावर?"

"आपण वेगळ्या राहतो, यावर."

"बारा वर्षांनी सुचलं होय! हिस्सा मागायला कोण आलंय?"

"कोणी नाही आलं. मला कॅन्सर झालाय."

मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. थोरलीचा हात टोपलीतच राहिला. मग तिनं हात पुसले, कागद मांडीवर घेतला आणि न वाचताच सही केली. सही वाकडी आली.

"दवाखान्यात कोण जाणार सोबत?"

"बघते."

"बघते म्हणजे कोण? म्हैस? गोठ्यात तिच्याशीच बोलत असतेस रोज. सगळं ऐकू येतं मला."

सोमवारी पहाटे धाकटी गाडीच्या थांब्यावर पोचली तेव्हा थोरली पिशवी घेऊन आधीच उभी होती. जाताना दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. येताना धाकटीला तीनदा ओकारी झाली आणि तिन्ही वेळा थोरलीनं तिचं कपाळ धरलं.

त्यानंतर चुलीचा धूर नाकात गेला की धाकटीला भडभडून यायचं. थोरली रस्त्यानं वळसा घालून भाताची पेज आणू लागली. चौथ्या दिवशी तिनं पहार घेतली आणि भिंतीत माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. "वळशानं पेज निवते," एवढंच म्हणाली. दूधही तीच काढायची, शेणही तीच भरायची. धाकटीची चूल इतकी गार पडली की दहाव्या दिवसापासून मांजर तिच्या राखेत झोपायला लागलं.

पण बोलणं म्हणाल तर ते नव्हतंच. खा, ऊठ, तोंड धू. मागचं कोणी काढत नव्हतं. थोरली पलीकडे गेली की धाकटी आढ्याकडे बघत पडायची आणि तिला पूर्वीपेक्षाही एकटं वाटायचं. आधी निदान रागाची सोबत होती.

कारकून न सांगता आला. थोरली धाकटीला चमच्यानं पेज भरवत होती आणि बाहेर मोटारसायकल थांबली. खिडकीतून त्याची वही दिसली. भिंतीला भगदाड, चुलीत मांजर आणि जाऊ उशाशी! आता हा कसला दाखला देतोय? आणि दाखला नाही तर पुढचं औषध नाही.

थोरलीनं वाटी दाणकन खाली आदळली.

"म्हैस आवरता येत नाही तर पाळतेस कशाला?" ती ओरडली. "माझी भिंत पाडली तिनं आणि तू इथे अंथरुणात लोळतेस? भरून दे माझी भिंत!"

धाकटीनं खिडकीतल्या वहीकडे पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं.

"भिंतच पोकळ तुमची! तुमच्या नवऱ्यानं बांधलेली ती!"

"त्यांचं नाव काढू नकोस!"

"काढणार! माझा माणूस गेला तेव्हा कुठे होतात तुम्ही? अख्खं गाव अंगणात उभं होतं. पलीकडून तुमचा खोकला ऐकू येत होता मला. खोकत बसलात, पण आला नाहीत!"

हे काही कारकुनासाठी नव्हतं. तिचा आवाज फाटला होता.

"आले होते मी," थोरली म्हणाली. "सगळे पांगल्यावर. ताट घेऊन दारात उभी होते. तू आतून कडी घातलीस."

"मला काय माहीत दारात कोण आहे?"

"विचारायचं होतंस!"

"हाक मारायची होतीत!"

कारकून उंबऱ्यात अवघडून उभा होता. "बाई, मला फक्त चूल..."

"चूल बघायचीय?" थोरली गर्रकन वळली. "बघा! मांजर झोपतंय हिच्या चुलीत. आजारी बाई, रांधून घालणारं कोणी नाही. मी कशाला घालू? माझी कोण लागते ही?"

कारकुनानं मांजराकडे पाहिलं, मांजरानं कारकुनाकडे. त्यानं उभ्याउभ्याच वहीत दोन ओळी खरडल्या आणि काढता पाय घेतला. मोटारसायकलचा आवाज गावाबाहेर विरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

थोरली खाली बसली.

"पेज निवली," ती म्हणाली.

"असू दे. द्या." धाकटीनं दोन घोट घेतले. "ताटात काय होतं?"

"कुठल्या?"

"त्या दिवशीच्या."

"भातच होता. काय असणार?"

"किती वेळ उभ्या होतात?"

"निवेपर्यंत."

धाकटीनं भिंतीकडे तोंड केलं आणि ती रडली. सात वर्षं तिनं मनात एक बंद दार धरून ठेवलं होतं आणि कडी तिच्याच हाताची निघाली. थोरलीनं तिला उगी केलं नाही. उरलेली पेज तेवढी पुन्हा ऊन करून आणली.

दाखला वेळेत मिळाला. त्यात लिहिलं होतं, सदर महिला विभक्त राहते, एकटी आहे, तिची काळजी घेणारं कोणी नाही. दुसऱ्या खेपेला समाजसेविका बाईंनी तो मोठ्यानं वाचला, शिक्का मारला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"आणि या कोण?"

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. जाऊ म्हणावं तर कागद खोटा पडणार, सगळं मुसळ केरात. जाऊ म्हटल्यानं काही बिघडत नव्हतं, हे बाईंना विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण कागदाला भ्यालेली माणसं विचारत नाहीत.

"शेजारीण," थोरलीच म्हणाली.

"चांगली शेजारीण मिळाली हो तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तसं लिहूनही घेतलं.

थोरली समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ताठ बसली होती, खरोखरच कोणी परकी असावी तशी. टेबलाखाली मात्र धाकटीनं तिचा हात घट्ट धरला होता.