गायरानातली कोप

चांगुणाच्या पोराच्या मांड्यांना वळ्या होत्या. बाहत्तरच्या त्या दुष्काळात गावातल्या दुसऱ्या कुठल्याच लेकराला नव्हत्या. माझ्या चंद्रप्रभाचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं, आणि मी ते सारखी मापत बसायची. माझं दूध आटलेलं. चांगुणा संध्याकाळी म्हशीचं लोटीभर दूध घेऊन यायची, त्यावर पोर तगून होती.

म्हैस दूध देत होती, कारण तिला हिरवा चारा होता. चांगुणाचा नवरा गोरोबा दूध सोसायटीचा चेअरमन. विहिरीकडचं गायरान त्यानं काट्यांचं कुंपण घालून बंद केलं, आत मका केला. "सोसायटीचा चारा, समद्या गावासाठी," म्हणायचा. खायची मात्र त्याचीच जनावरं. बाकीची कुंपणाबाहेर उभी राहून वास घ्यायची.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, आमच्याकडं ज्यानं त्यानं आपापल्या रानात कडब्याची कोप, छोटी खोपी, उभारायची, आत पाच पांडव मांडून पूजायचे. चांगुणानं यंदा कोप उभारली ती गायरानात! गुरं उपाशी मरताना कडब्याच्या अख्ख्या पेंढ्या, वर तिचा लग्नातला शालू. मला आंबील प्यायला बोलावलं. गेले, प्याले. आम्ही मास्तराच्या घरातली माणसं; पांडव मांडायला आमचं वीतभर रान नव्हतं.

पाठोपाठ तहसीलदार आले. कुणीतरी अर्ज केला होता. साहेब विदर्भाकडचे, नवीन. सगळं गाव गायरानात जमलं.

"सरकारी जमीन आहे ही. कुणी बळकावलीय का?"

"छ्या! समद्या गावाची हाय साहेब. इचारा की," गोरोबा म्हणाला.

गाव गप्प. सगळ्यांचंच दूध सोसायटीत जायचं.

"मग ही झोपडी कुणाची?"

"राखणदाराची हाय जी."

चांगुणा माझ्याशेजारीच होती. चंद्रप्रभाला तिनं कडेवर घेतलं होतं आणि पोर तिच्या गळ्यातल्या पुतळ्या ओढून खदखदा हसत होती. माझ्याजवळ ती कधी अशी हसली नव्हती.

"साहेब, ती येळवसेची कोप आहे," मी म्हणाले. "आत चुना लावलेले पाच दगड असतील, बघा. येळवस माणूस आपल्याच रानात करतो. विचारा, परक्याच्या रानात कुणी कोप घातलीय का?"

म्हातारे शंकरप्पा खोकत हसले. "बाई खरं बोलतीया. म्या तर सख्ख्या भावाच्या रानात बी घातली न्हाय."

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. साहेबांनी वाकून दगड बघितले आणि कुंपण काढायचा हुकूम दिला. गुरं आत घुसली. मक्याआधी त्यांनी कोपच खाल्ली.

संध्याकाळी पोर रडत होती. मी दाराकडं बघत होते. लोटी येणार नाही, हे मी बोलण्याआधीच जाणून होते.

चांगुणा आली.

"धरा मास्तरीणबाई. तुमच्यासाठी न्हाय, पोरीसाठी हाय. म्हैस देती तवर देईन. फुडचं तुमच्या सायबाला इचारा."

तिला बघून चंद्रप्रभा झेपावली. चांगुणानं उंबऱ्यात बसून तिला मांडीवर घेतलं, चमच्यानं दूध पाजलं. पोर तिच्याकडं टुकूटुकू बघत पीत होती.

मी उभीच होते. ही बाई एकदाची कधी जाते, याची वाट बघत.