खांबाभोवतीची फट

खडकापर्यंत खणायचं, त्यावर सिमेंटचा बुटका खांब ओतायचा आणि भोवतीच्या जमिनीपासून तो चार बोटं सुटा ठेवायचा. भूकंपमापक त्या खांबावर बसतो. फट असली की लोकांच्या पावलांचा, भिंतीवर आपटणाऱ्या वाऱ्याचा हादरा खांबापर्यंत फारसा पोचत नाही. हे मी माझ्या धाकट्या भावाला चित्र काढून समजावलं होतं, कारण बांधकामाचं कंत्राट त्याच्याकडे होतं.

उद्घाटनाच्या सकाळी दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. फट बुजवलेली, वर चकचकीत फरशी.

"ताई, भोक वाईट दिसत होतं," भाऊ म्हणाला. "पाहुणे येणार ना. हौसेने केलंय."

वर उपकार! आमच्या आईच्या गावाखाली जमीन महिनाभर गुरगुरतेय. धक्के वाढतायत की ओसरतायत, माणसांनी घरात झोपावं की बाहेर, हे कळावं म्हणून तर तालुक्याच्या गावी हे केंद्र. आई तिथे एकटी राहते. आणि या शहाण्याने नाकापेक्षा मोती जड करून ठेवला.

मी छिन्नी मागितली. केंद्राचे साहेब म्हणाले, "आज बसवून टाका. फोडाफोडी मागाहून."

दातओठ खात यंत्र बसवलं. उत्तरेची खूण जुळवली, पातळीचा बुडबुडा मधोमध आणला, आतले लोलक मोकळे केले.

पाहुणे आले. फरशी किती पक्की ते दाखवायला भावाने तिच्यावर पाय आपटला, तशी पडद्यावरची रेघ उसळली.

"बघा, किती नाजूक यंत्र आहे," साहेब खूश होऊन म्हणाले. मग काय, जो तो उड्या मारायला लागला.

"खोली रिकामी करा. ही रेघ अशी उसळायलाच नको," मी घसा फोडून सांगत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात आईचा फोन आला. "आत्ता केवढं हललं गं. फळीवरची भांडी खाली आली. तुमच्या यंत्रात दिसलं असेल ना? आम्ही सगळे रस्त्यावर उभे आहोत. घरात जाऊ का?"

मी रेघ मागे सरकवून पाहिली. उड्या, उड्या आणि नुसत्या उड्या. त्यात आईच्या घराचा धक्का कुठला, ते देवालाही सांगता आलं नसतं.

मी फोन भावाच्या कानाला लावला. "आई विचारतेय, घरात जाऊ का. सांग तिला."

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"आई," तो म्हणाला, "मला नाही माहीत."

त्याच्या मागे साहेब आणखी एका पाहुण्याला उडी मारायला बोलावत होते.