चित्र आलं का?

नातीचा टेबल टेनिसचा सामना पहिल्यांदाच टीव्हीवर थेट दिसणार होता. तिला सर्व्हिस शिकवली ती आमच्या ह्यांनी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर, मधे जाळीऐवजी पुस्तकं उभी करून. गुडघ्यांपायी ह्यांना तिथवर जाता आलं नाही, म्हणून अर्धा तास आधीच चष्मा पुसून बसले होते.

सामना सुरू झाला आणि चित्र अडखळू लागलं. नात चेंडू उडवी, चित्र थिजे. पुन्हा हलेपर्यंत ती घाम पुसत असे. मधली सर्व्हिस गायब.

"एवढंच तर बघायचं होतं," हे पुटपुटले आणि इंटरनेटवाल्यांना स्पीकरवर फोन लावला.

"राउटर कुठे ठेवलाय, आजोबा?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"टीव्हीशेजारी. आणखी कुठे ठेवणार?"

महागाची वस्तू धुळीत राहू देणं मला जमत नाही. लग्नातला रेडिओसुद्धा मी वर्षभर कपाटातच ठेवला होता.

"अहो, तो आतल्या खोलीत आहे. लोखंडी कपाटात."

"कपाटात?"

"सोमवारपासून. साड्यांच्या मागे. वायर मागच्या भोकातून घेतलीय."

फोनवरची मुलगी हसली. "आजी, लोखंडी पेटीत कोंडल्यावर बाहेर सिग्नल येणार कसा? उघड्यावर ठेवा, जरा उंच."

"इतकी वर्षं मलाही असंच जपून ठेवलंय हिने," हे तिला म्हणाले.

मी आत जाऊन राउटर काढला आणि स्टुलावर ठेवला. "आलं का?" तिथूनच ओरडले.

चाळीस वर्षांपूर्वी हे गच्चीवर अँटेना फिरवत आणि मी खिडकीतून सांगत असे. एकदा उन्हात त्यांची दया आली, म्हणून चित्र नसतानाच मी "आलं" म्हणून मोकळी झाले. हे घामाघूम होऊन खाली आले, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. अजून ऐकवतात.

"आलं," बाहेरून उत्तर आलं.

"खरंच, की माझ्यासारखं?"

"येऊन बघ की."

मी गेले. चेंडू वर गेला, खाली आला, नातीने मनगट वळवलं आणि समोरची मुलगी भलतीकडेच झेपावली. कुठे खंड नाही.

"मनगट बघितलंस?" हे म्हणाले आणि सोफ्यावर सरकून मला जागा केली.