सालीवर आवळलेला स्क्रू

मी एक जुना काट्याचा मीटर आहे. पण मित्रांनो, 'जुना' या शब्दापाशीच थांबू नका. माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकली आहे, लाल वायरीला काळी पट्टी गुंडाळलेली आहे, आणि तरीही मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही.

माझ्या पोटात एक सेल असतो. वायरीच्या दोन टोकांना माझी दोन टोकं लावली की सेलची हलकी वीज तिच्यातून फिरते. वायर सलग असेल तर माझा काटा उजवीकडे जाऊन शांत उभा राहतो. कुठे तुटत असेल तर थरथरतो. एवढंच माझं काम. कारखान्यात एका बाईने केसाएवढ्या तारेचं वेटोळं गुंडाळून माझा काटा तोलला होता. तो तोल अजून गेलेला नाही.

मी चंद्रभानांचा. ते ताडकळसचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपणी मेंढरं वाड्यात शिरताना त्यांचे वडील येडबा त्यांना दारात बसवत आणि म्हणत, "डोळ्यानं मोजू नको रं, हात लाव." ज्या पाठीला हात लागला तेच मेंढरू आत आलं, असं धरायचं. पुढे दूरच्या शहरातल्या एका लहान संशोधन-अणुभट्टीत चंद्रभान तीस वर्षं वायरिंगचं काम बघत होते. तिथेही ते प्रत्येक वायरीला हात लावत.

ते निवृत्त झाले आणि मी लुगड्यांच्या ट्रंकेत गेलो. चार वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मग एक दिवस भट्टीतून फोन आला. भट्टी चालवता चालवता आपोआप बंद पडत होती. मित्रांनो, तिच्यातल्या नियंत्रक कांड्या विजेच्या चुंबकांनी वर धरलेल्या असतात. पाण्याचा प्रवाह कमी झाला, उष्णता वाढली, काहीही बिघडलं तरी चुंबकांची वीज तुटते, कांड्या खाली पडतात आणि भट्टी थांबते. इथे बिघाड काहीच नव्हता, तरी दिवसातून दोनदा कांड्या पडत होत्या. तिथे तयार होणाऱ्या किरणोत्सारी औषधाची वाट काही रुग्णालयं बघत होती.

"दवाखान्याची तारीख हाय तुमची सोमवारी," चंद्रभानांच्या पत्नी कमलबाई म्हणाल्या. "सांगा की त्यांना, जमत न्हाई म्हणून."

"छातीचं दुखणं कुठं पळून चाललंय?" ते म्हणाले, आणि मला ट्रंकेतून काढलं. पिंगळी स्टेशनात रेल्वेत बसेपर्यंत मी त्यांच्या काखेतल्या पिशवीत होतो.

भट्टीत भक्ती नावाची तरुण इंजिनिअर होती. तिच्या हातात आकडे दाखवणारा नवा मीटर. मला पाहून ती हसली. "काका, याला आता संग्रहालयात ठेवा."

"ठेवू की. आमी दोघं संगटच जाऊ."

मोठे साहेब दत्तराव मात्र हसले नाहीत. "चंद्रभान, पाण्याचा प्रवाह कमी झाला की वीज तोडणारा जो स्विच आहे, त्याला वगळून वरून एक वायर टाका. चार दिवस तो बाजूला राहील. औषध निघू द्या, मग शोधू."

"आणि त्या चार दिवसांत खरंच पाणी कमी झालं तर?"

"इतक्या वर्षांत कधी झालं?"

"वायरच टाकायची तर मला कशाला बोलावलं, साहेब? ती तर कुणीबी टाकंल. मी न्हाई टाकणार."

साहेबांनी संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला. वीज बंद करून पॅनल उघडलं. दोनशेच्या वर वायरी. भक्तीने सगळ्या डोळ्यांनी तपासल्या होत्या, तिच्या मीटरचा आकडाही बरोबर होता. पण क्षणभर तुटलेली वायर आकडा बदलायच्या आत पुन्हा जुळते. चंद्रभानांनी मला तिच्या हातात दिलं. "तू काटा बघ. मी हात लावतो." एकेक वायर ते हलकेच ओढत. काटा शांत. पुढची. काटा शांत. चारच्या सुमारास एका वायरीला हात लागला आणि मी थरथरलो.

"काका! हलला!"

त्यांनी स्क्रू सैल केला. तो घट्टच होता, पण तांब्यावर नाही, वायरीच्या प्लास्टिकच्या सालीवर आवळलेला. तांब्याचा एखादा तंतू कडेला टेकून इतकी वर्षं वीज नेत होता. पंपाच्या थरथरीने तो सुटू लागला होता.

वायरीला एक लहानसा ढिला वेढा ठेवलेला होता. मेंढराच्या दोरीला ठेवतात तसा. चंद्रभानांनी त्यावरून बोट फिरवलं.

"कुणी केलं असेल हे?" भक्तीने विचारलं.

"मी."

"काका, जुनं झालं म्हणून सैल पडलं, असं लिहू या ना."

"जुन्यावर कशाला ढकलतीस? लिही. जोडणी चंद्रभानची, चूक चंद्रभानची." तिचा हात हलेना, तेव्हा त्यांनी नोंदवही ओढून स्वतःच लिहिलं. मग वायर सोलली आणि स्क्रू तांब्यावर आवळला. भट्टी सुरू झाली. कांड्या पुन्हा पडल्या नाहीत.

पावसाळ्याआधी चंद्रभान गेले.

चौदाव्या दिवशी त्यांचे धाकटे भाऊ महारुद्र यांनी मला फोटोशेजारी ठेवलं आणि माझ्या काचेवर कुंकू लावलं. वरचा दिवा लुकलुकत होता. चंद्रभानांची मुलगी शिवकन्या उठली. तिने कुंकू पुसलं, मला उचललं, नवा सेल घातला.

"काय करायलीस?" महारुद्र म्हणाले. "लाइटचा तो बोर्ड दादानं बसवलेला हाय. त्यात खोट न्हाई निघायची."

"काका, हात लावून बघते."

तिने मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला. तिसऱ्या वायरीला मी थरथरलो. तिने काकांना काटा दाखवला, स्क्रू आवळला आणि दिवा लावला. तो लुकलुकला नाही. मगच ती रडली.

मित्रांनो, मला फुलं वाहू नका, मखमलीत ठेवू नका. सेल बदला आणि कामाला लावा. ज्यांच्यावर तुमचं सगळ्यात जास्त प्रेम आहे, त्यांनी केलेल्या जोडण्याही तपासा. मी कुणाचीही भीड धरणार नाही. चंद्रभानांनीही धरली नव्हती.