प्रतिमाची खिरापत

प्रतिमाला शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये एक व्यसन लागलं होतं, ते म्हणजे गाडीतल्या रेडिओचं. गाडी जुनी, रेडिओचं बटण तुटलेलं, आणि काटा जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यांच्या स्टेशनवर जो अडकला तो अडकलाच. सकाळी नवऱ्याला, विनयला, शिकागोच्या ट्रेनवर सोडलं की घरी येईपर्यंत तिची मैफल सुरू.

आणि त्या गाण्यांतल्या बायका म्हणजे काय सांगू. नवऱ्याने दगा दिला म्हणून मुळूमुळू रडत बसणाऱ्यातल्या नव्हेत. एक त्याचे कपडे अंगणात पेटवायची, दुसरी त्याचा ट्रक तळ्यात ढकलायची, तिसरी तर सरळ बंदूकच काढायची, तीही गिटारच्या ठेक्यावर, आवाजात जराही कंप नाही. प्रतिमा सिग्नलला थांबून त्यांना मनापासून दाद द्यायची. तिचा स्वतःचा नवरा गरीब गाय. सूड घ्यावा असं त्याने काही केलंच नव्हतं, याचं तिला कधीकधी वाईटसुद्धा वाटायचं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ती इच्छाही पूर्ण झाली. नाक पुसायला कागद हवा म्हणून तिने गाडीतला खण उघडला, तर नकाशांच्या खाली तिचंच पाकीट. कॉलेजच्या संध्याकाळच्या कॉम्प्युटर कोर्सचा अर्ज. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून सहा वर्षं घरात बसल्यावर तिने तीनदा खाडाखोड करून भरलेला. "मी शिकागोतून पोस्टात टाकतो, लवकर जाईल," म्हणून विनयने तो सहा आठवड्यांपूर्वी हौसेने नेला होता. ती रोज पत्रपेटी उघडून बघत होती, आणि हा म्हणत होता, "येईल गं उत्तर, इथले लोक सावकाश असतात." शेवटची तारीख येत्या सोमवारची होती.

प्रतिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचे कपडे जाळावेत, तर त्याचा एकुलता एक लोकरीचा सूट तिनेच सेलमध्ये शोधून आणला होता. गाडी तळ्यात ढकलावी, तर सोमवारी कॉलेजला जायचं कशाने? आणि बंदुकीचं म्हणाल, तर तिला उंदराच्या पिंजऱ्याचीही भीती. ती पाकीट घेऊन घरी आली आणि रात्रीचा स्वयंपाक नेहमीसारखा करून मोकळी झाली.

शनिवारी सुलभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये भोंडला होता. पाटावर हत्ती, भोवती लोकरीच्या मोज्यांमधल्या पंधरा बायका, आणि सासरच्या माणसांच्या यथेच्छ उखाळ्यापाखाळ्या काढणारी गाणी. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या सासूबाई, गिरजाबाई, सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होत्या. फेर संपला, तसे वर टीव्ही बघत बसलेले पुरुष खाण्याच्या आशेने खाली उतरले. मग प्रतिमाने आपला झाकलेला डबा मधे ठेवला. खिरापत ओळखायची होती.

"गोड की तिखट?" कोणीतरी विचारलं.

"कडू."

"कारलं? मेथीचे लाडू?"

"नाही."

"ताजं आहे ना?" सुलभाकाकूंनी काळजीने विचारलं.

"सहा आठवड्यांचं. गाडीत ठेवलेलं होतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. विनयच्या तोंडचं पाणी मात्र तेव्हाच पळालं होतं.

"विनय, तूच उघड," प्रतिमा म्हणाली. "ठेवलंयस तूच."

त्याने झाकण काढलं. आत पाकीट, त्यावर तिचं अक्षर आणि शिक्का न पडलेलं तिकीट. प्रतिमाने दोन वाक्यांत सगळ्यांना हकिगत सांगितली. 'विसरलो' म्हणाला की काय बोलायचं, 'आई आली होती' म्हणाला की काय बोलायचं, सगळी उत्तरं तिने तयार ठेवली होती.

"भीती वाटली," विनय म्हणाला. "तू शिकणार, नोकरीला लागणार. मग माझी गरज काय राहणार?"

गाण्यातल्या नवऱ्याला बोलायची संधीच मिळत नाही, तिसऱ्या कडव्यापर्यंत तो मेलेला असतो. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि आता दयाही यायला लागली, म्हणून ती आणखीच चिडली.

तेवढ्यात गिरजाबाई पुढे झाल्या. "कोर्स कोणत्या वारी?"

"मंगळवार, गुरुवार," प्रतिमा म्हणाली.

"मग त्या दोन दिवशी स्वयंपाक तू करायचा," त्यांनी मुलाला सांगितलं. "गरजेची काळजीच नको."

बेसमेंट हशाने दणाणलं. विनय कानापर्यंत लाल झाला. सोमवारी त्याने "मी देऊन येतो" म्हटलं, पण प्रतिमाने किल्ली काढून घेतली, त्याला ट्रेनपर्यंत चालत पाठवलं आणि कॉलेजच्या खिडकीवर अर्ज स्वतःच्या हाताने दिला.

जानेवारीत पहिल्या क्लासवरून ती बर्फातून गाडी चालवत घरी आली, तेव्हा विनय ओट्याशी करपलेलं पातेलं घासत होता. खिचडीला धुराचा वास होता. तिने दोनदा वाढून घेतली.

"भीती गेली का?" तिने विचारलं.

"नाही," तो पाठमोराच म्हणाला. "पण तू घरी आलीस."